यकृतातील अनिश्चित डाग : घाई नको, विसरही नको

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले, की त्यापाठोपाठ सी.टी. स्कॅनची चिठ्ठी हातात पडते. रोग आतड्यापुरता मर्यादित आहे की शरीरात अन्यत्र पोचला आहे, हे ठरविण्यासाठी छाती, पोट आणि ओटीपोट यांचा स्कॅन काढला जातो. त्याच्या अहवालात अनेकदा एक ओळ अशी असते, की जी वाचून रुग्ण आणि नातेवाईक बुचकळ्यात पडतात. ‘यकृताच्या उजव्या भागात सहा मिलिमीटरचा लहान डाग दिसतो. आकार लहान असल्याने त्याचे स्वरूप निश्चित सांगता येत नाही. पुढील तपासणी करावी,’ असा त्या ओळीचा आशय असतो.

या एका ओळीवरून घरात तर्कवितर्क सुरू होतात. रोग यकृतात पसरला म्हणजे चौथी अवस्था, असे कुणीतरी ऐकलेले असते. कुणी ‘यकृताचाही कर्करोग झाला’ असे सांगतो, तर कुणी ‘डॉक्टरांनाच कळत नाही, तर आपण कशाला काळजी करा’ असे म्हणून तो कागद फाइलमध्ये ठेवून देतो. वास्तविक या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. असा डाग बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतो. परंतु तो निरुपद्रवी आहे हे सिद्ध व्हावे लागते, आणि ते सिद्ध करण्याची एक ठरलेली पद्धत आहे.

यकृताकडेच लक्ष का?

मोठ्या आतड्यातून निघणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते ‘पोर्टल’ नावाच्या मोठ्या शिरेतून आधी यकृतात जाते. पचलेल्या अन्नातील घटकांवर प्रक्रिया व्हावी, यासाठी निसर्गाने केलेली ही व्यवस्था आहे. मात्र, आतड्यातील गाठीपासून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशीही याच वाटेने प्रवास करतात आणि यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात अडकतात. त्यामुळे आतड्याचा कर्करोग पसरलाच, तर त्याचे पहिले ठाणे बहुधा यकृतात असते. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातील रक्त काही प्रमाणात दुसऱ्या शिरांवाटे परतते. म्हणून तेथील कर्करोगात फुफ्फुसांकडेही तितकेच बारकाईने पाहावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आतड्यातून यकृतात पोचलेली गाठ म्हणजे ‘यकृताचा कर्करोग’ नव्हे. तिच्या पेशी आतड्याच्याच असतात आणि तिच्यावरील उपचारही आतड्याच्या कर्करोगाचेच असतात. निदानाच्या वेळीच साधारणतः पाचांपैकी एका रुग्णाच्या यकृतात अशा दुय्यम गाठी आढळतात. उरलेल्यांपैकी काहींमध्ये त्या पुढील काही वर्षांत दिसू लागतात. म्हणूनच यकृतातील प्रत्येक डागाकडे डॉक्टर संशयाने पाहतात आणि तसे पाहणे हे त्यांचे कर्तव्यच आहे.

‘अनिश्चित’ याचा अर्थ

निरोगी माणसाच्या यकृतातही लहानमोठे डाग असू शकतात. पाण्याने भरलेल्या साध्या पिशव्या, ‘हिमँजिओमा’ म्हणजे रक्तवाहिन्यांचे जन्मजात गुच्छ, पित्तनलिकांच्या जन्मतः राहून गेलेल्या सूक्ष्म गाठी, यकृतात असमान पसरलेली चरबी, ही त्यांची नेहमीची कारणे. आपल्याकडे यात जुन्या अमीबाजन्य गळवाच्या खुणा आणि क्षयरोगाच्या बऱ्या झालेल्या गाठी यांचीही भर पडते. यांतील बहुतेकांचा त्रास होत नाही आणि एरवी त्यांचा पत्ताही लागत नाही. कर्करोगाच्या निमित्ताने स्कॅन निघतो, तेव्हाच ते प्रथम उजेडात येतात.

डाग दोन-तीन सेंटिमीटरचा असेल, तर सी.टी. स्कॅनवर त्याची ओळख बहुधा पटते. पाण्याची पिशवी काळी आणि रेखीव दिसते. हिमँजिओमा कडेकडेने आत रंगद्रव्य शोषत जातो. कर्करोगाच्या गाठीची कड अस्पष्ट आणि मधला भाग काळसर असतो. पण डाग एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर या खुणा उमटायला जागाच नसते. स्कॅनवर तो केवळ एक ठिपका दिसतो. अशा वेळी प्रामाणिक क्ष-किरणतज्ज्ञ ‘अनिश्चित’ असा शेरा लिहितो. त्या शेऱ्यात डॉक्टरचे अज्ञान किंवा यंत्राचा दोष शोधू नये. उपलब्ध चित्रावरून याहून अधिक काही म्हणणे योग्य होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आकडे काय सांगतात?

न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातील तज्ज्ञांनी १९९९ मध्ये यासंबंधीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. निरनिराळे कर्करोग असलेल्या सुमारे तीन हजार रुग्णांचे स्कॅन त्यांनी तपासले. त्यांपैकी सुमारे १३ टक्के रुग्णांच्या यकृतात एक सेंटिमीटर किंवा त्याहून लहान डाग होते. या रुग्णांचा पाठपुरावा केला असता सुमारे ८० टक्के रुग्णांचे डाग निरुपद्रवी निघाले, सुमारे १२ टक्क्यांमध्ये ते कर्करोगाचे ठरले आणि उरलेल्यांचा निर्णय लागू शकला नाही. आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांत कर्करोगाचे डाग निघण्याचे प्रमाण सुमारे १४ टक्के, म्हणजे सातांपैकी एक, असे होते.

सातांपैकी सहा रुग्णांना दिलासा देणारा हा आकडा आहे. परंतु सातवा रुग्ण कोण, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे डॉक्टर इतर गोष्टींचा आधार घेतात. मूळ गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आहे, लगतच्या लसिका ग्रंथींत रोग आहे का, डाग एक आहे की अनेक, रक्तातील ‘सीईए’ या घटकाचे प्रमाण वाढलेले आहे का, या सर्वांचा एकत्रित विचार होतो. सीईएचा शोध १९६५ मध्ये कॅनडातील फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी लावला. या तपासणीचा उपयोग मोठा असला, तरी तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रमाण एरवीही थोडे वाढलेले असते आणि काही कर्करोगांत ते वाढतच नाही.

भारतीय रुग्णांबाबत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा कर्करोग कमी असला, तरी तो तुलनेने तरुण वयात आढळतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ८०० रुग्णांचा जो आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांचे सरासरी वय ४७ वर्षांच्या आसपास होते. म्हणजे येथे अनेकदा घरातील कमावत्या माणसाच्या यकृताचा प्रश्न असतो.

दोन्ही बाजूंच्या चुका महाग

निरुपद्रवी डागाला कर्करोग समजले, तर रुग्णावर चौथ्या अवस्थेचा शिक्का बसतो. आतड्याची जी शस्त्रक्रिया त्याला पूर्ण बरे करू शकली असती, ती लांबणीवर पडते किंवा नको असलेली औषधे सुरू होतात. कुटुंबाचे मनोधैर्य खचते ते वेगळेच.

याउलट, कर्करोगाच्या डागाला निरुपद्रवी मानून सोडून दिले, तर हाती आलेली संधी निसटते. यकृतात पसरलेला रोग म्हणजे सारे संपले, अशी समजूत अजूनही आढळते. ती आता खरी राहिलेली नाही. गाठी मर्यादित असतील आणि त्या पूर्णपणे काढता येत असतील, तर शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जाते. काही रुग्ण तर कायमचे रोगमुक्त होतात. यकृताला पुन्हा वाढण्याची अद्भुत शक्ती लाभली आहे. निरोगी यकृताचा सुमारे ३० टक्के भाग शिल्लक राहिला, तरी तो काही आठवड्यांत वाढून शरीराची गरज भागवू शकतो. पण त्यासाठी गाठी वेळेत सापडल्या पाहिजेत. सहा मिलिमीटरची गाठ काढणे आणि सहा सेंटिमीटरच्या चार गाठी काढणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एम.आर.आय.ची मदत

सी.टी. स्कॅनने न सुटलेले कोडे सोडविण्यासाठी आज सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे यकृताचा एम.आर.आय. त्यात पाणी, रक्त आणि पेशींचा दाट समूह निरनिराळे दिसतात. त्यामुळे पाण्याची पिशवी आणि हिमँजिओमा बहुधा लगेच वेगळे ओळखता येतात. त्याच्या जोडीला यकृतासाठीचे एक खास औषध शिरेतून देता येते. या औषधाचा सुमारे निम्मा भाग यकृताच्या पेशी शोषून घेतात आणि पित्तावाटे बाहेर टाकतात. औषध दिल्यावर सुमारे २० मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत निरोगी यकृत उजळून निघते. आतड्यातून आलेल्या पेशींना हे औषध शोषता येत नाही. त्यामुळे त्यांची गाठ उजळ पार्श्वभूमीवर काळी उठून दिसते. अगदी काही मिलिमीटरच्या गाठीही अशा प्रकारे पकडता येतात. यकृतात चरबी साठलेली असेल, तर सी.टी. स्कॅनची नजर मंदावते, तेथेही एम.आर.आय. अधिक विश्वासार्ह ठरतो.

या तपासणीत रुग्णाचा सहभाग महत्त्वाचा असतो. सूचना मिळताच पंधरा-वीस सेकंद श्वास रोखून स्थिर पडून राहावे लागते. श्वास हलला की चित्र हलते आणि लहान डाग पुसट होतो. मूत्रपिंडाचा विकार, पूर्वीची अ‍ॅलर्जी, शरीरातील पेसमेकर किंवा धातूचे भाग यांची कल्पना आधीच द्यावी.

‘मग सरळ पेट स्कॅनच का करू नये?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. पेट स्कॅन साखरेचा अधिक वापर करणाऱ्या पेशी शोधतो. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ, तसेच चिकट द्रव निर्माण करणारा कर्करोग, त्याला अनेकदा दिसत नाही. त्यामुळे लहान डागाच्या बाबतीत पेट स्कॅन स्वच्छ आला, म्हणून निर्धास्त होता येत नाही.

‘सुई घालून तुकडा का काढत नाहीत?’ हा दुसरा प्रश्न. सहा मिलिमीटरच्या डागात सुई नेमकी पोचविणे अवघड असते. ती बाजूला गेली, तर ‘कर्करोग नाही’ या उत्तराला काही अर्थ उरत नाही. शिवाय सुईच्या मार्गावर कर्करोगाच्या पेशी सांडण्याचा लहान, पण खरा धोका असतो. ज्या रुग्णाची गाठ पुढे शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी आहे, त्याच्या बाबतीत हा धोका शक्यतो पत्करला जात नाही.

तीन महिनेच का?

एम.आर.आय.नंतरही शंका उरली, तर डॉक्टर ‘तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढू’ असे सांगतात. रुग्णाला ही टाळाटाळ वाटते. प्रत्यक्षात यामागे साधे गणित आहे. गोल गाठीतील पेशींची संख्या दुप्पट झाली, तर तिचा व्यास दुप्पट होत नाही. तो जेमतेम एकचतुर्थांशाने वाढतो. सहा मिलिमीटरची गाठ दुप्पट पेशींची झाली, तरी साडेसात मिलिमीटरच भरते. एकच डाग दोन वेळा मोजला, तरी एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. म्हणजे महिन्याभराने घाईघाईत काढलेल्या स्कॅनमध्ये खरी वाढ आणि मोजणीतील फरक यांत भेद करता येत नाही. तीन महिन्यांनी मात्र वाढणारी गाठ ओळखू येऊ लागते आणि ती हाताबाहेर गेलेलीही नसते. वाट पाहणे हीदेखील एक तपासणीच आहे. मात्र ठरलेल्या दिवशी पुन्हा पाहिले, तरच.

या काळात मूळ गाठीवरील उपचार थांबवून ठेवायचे नसतात. एखाददुसऱ्या लहान अनिश्चित डागामुळे आतड्याची शस्त्रक्रिया सहसा रोखली जात नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जन यकृत हाताने चाचपून पाहू शकतात आणि यकृतावर थेट सोनोग्राफीचे उपकरण ठेवून डाग तपासता येतो.

केमोथेरपी सुरू व्हायची असेल, तर मात्र एक पथ्य पाळावे. शक्य असल्यास यकृताचा एम.आर.आय. त्याआधी व्हावा. औषधांनी लहान गाठ आक्रसते, कधी स्कॅनवरून दिसेनाशीही होते. पण दिसेनाशी झालेली गाठ नेहमी मेलेली असतेच असे नाही. शिवाय काही औषधांमुळे यकृतात चरबी वाढते आणि पुढील चित्रे वाचणे कठीण होते. ऑक्झालिप्लॅटिन हे औषध घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृतात काही वर्षांनी नव्या, परंतु निरुपद्रवी गाठी तयार होतात. नवा डाग दिसला म्हणजे रोग उलटलाच, असे समजण्यापूर्वी या शक्यतेचाही विचार करावा लागतो.

डाग वर्ष-दोन वर्षे जसाच्या तसा राहिला, तर तो निरुपद्रवी असल्याचे मानले जाते. त्यानंतर त्याच्यासाठी वेगळे स्कॅन लागत नाहीत. आतड्याच्या कर्करोगानंतरचा नेहमीचा पाठपुरावा तेवढा चालू राहतो. त्यात पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सीईए, तसेच ठरावीक अंतराने सी.टी. स्कॅन आणि दुर्बिणीतून आतड्याची तपासणी यांचा समावेश असतो.

गडब ते परळ

वैद्यकशास्त्राचे हे वेळापत्रक कागदावर सोपे दिसते. ते पाळणे किती अवघड आहे, हे मुंबईपासून फार दूर नसलेल्या गावाकडे पाहिले तरी कळते. पेण तालुक्यातील गडब हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव. समजा, येथील एका पन्नाशीच्या गृहस्थाच्या अहवालात वर सांगितलेली ओळ आली. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी पेणला होईल, जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. पण यकृताचा खास एम.आर.आय., तो वाचणारा अनुभवी तज्ज्ञ आणि यकृताचे सर्जन हे तिन्ही एकत्र हवे असतील, तर वाट पनवेल ओलांडून खारघरकडे किंवा १९४१ पासून परळमध्ये उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयाकडे जाते. महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. या रस्त्याने आजारी माणसाला घेऊन जाणे म्हणजे काय, हे पेण-रोह्याच्या लोकांना सांगायला नको.

प्रवासाहून मोठा अडथळा मनाचा असतो. यकृतातील लहान गाठ दुखत नाही, भूक मारत नाही, कावीळही करत नाही. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन माणूस हिंडूफिरू लागलेला असतो. तीन महिन्यांनंतरची तारीख नेमकी भातलावणीच्या दिवसांत येते, किंवा पेण-हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत रात्रंदिवस काम चालू असते तेव्हा येते. ‘आता त्रास नाही, दिवाळीनंतर बघू’ असे म्हटले जाते आणि तिनाचे नऊ महिने होतात. सातांपैकी सहा जणांचे यात काही बिघडत नाही. आणि त्यांचे बिघडले नाही, म्हणून सातवाही निर्धास्त राहतो. मुंबई-पुण्यातील नोकरदाराचीही याहून वेगळी स्थिती नसते. तेथे भातलावणीच्या जागी ऑफिसची डेडलाइन असते, इतकेच.

खर्चाच्या बाबतीत रायगडकरांना एक आधार आहे. राज्य शासनाने २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू केली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. योजनेतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ असतात. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांबरोबरच नंतरच्या कोणत्या तपासण्यांचा खर्च मिळेल, हे त्यांच्याकडून आधीच समजून घ्यावे. पैशांअभावी दुसरा स्कॅन राहून गेला, तर पहिल्या स्कॅनवर केलेला खर्चही वाया जातो.

रुग्णांनी काय करावे?

पहिली गोष्ट, जुने स्कॅन जपून ठेवावेत. चार वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये तोच डाग त्याच आकाराचा असेल, तर प्रश्न बहुधा तेथेच मिटतो. केवळ छापील अहवाल पुरेसा नाही. चित्रांची सीडी मागून घ्यावी. पुढचे स्कॅन शक्यतो त्याच केंद्रात आणि त्याच पद्धतीने काढावेत, म्हणजे तुलना खरी होते.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारावेत. डाग किती मोठा आहे आणि किती आहेत? एम.आर.आय. केमोथेरपीपूर्वी करता येईल का? पुढचा स्कॅन कोणत्या महिन्यात? तोवर मूळ उपचारांत काही बदल होणार आहे का? डाग वाढला, तर पुढे काय करणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक असेल, तर पुढे वेळ वाया जात नाही. अहवाल यकृताच्या सर्जनसह निरनिराळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत पाहिला जाणार आहे का, हेही विचारावे. ‘शस्त्रक्रिया शक्य नाही’ असा निर्णय झाला असेल, तर यकृताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या सर्जनचे मत घेण्यात संकोच मानू नये.

तिसरी गोष्ट, तारीख लक्षात ठेवण्याची जबाबदारी घरातील एका व्यक्तीकडे सोपवावी. रुग्ण स्वतः ती विसरण्याचा प्रयत्न करीत असतो, आणि ते स्वाभाविक आहे. मुलगी, भाऊ, शेजारचा शिक्षक, कुणीही चालेल. पण भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवसाभोवती गोल केलेला असावा. गावपातळीवर आशा कार्यकर्तीला ही तारीख सांगून ठेवली, तर आणखी चांगले.

‘अनिश्चित’ हा शब्द अहवालात कायमचा राहण्यासाठी लिहिलेला नसतो. पुढच्या एक-दोन चित्रांनंतर तो पुसला जातो आणि त्या जागी ‘निरुपद्रवी’ किंवा ‘उपचार आवश्यक’ यांपैकी एक शब्द येतो. यांपैकी कोणता शब्द येणार, हे आपल्या हाती नाही. पण तो वेळेवर यावा, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे.